विमानात वळलेल्या वाती

इंदूरच्या आमच्या रामबागेत विमानात बसलेला पहिला माणूस म्हणजे माझा दादा, अच्युत पोतनीस. आणि विमानाला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूसही तोच. यातली दुसरी गोष्ट फक्त आईला आणि मला ठाऊक होती. बाहेर त्याचा थाट काय विचारता! तिकीट आल्याचं कळलं की कोपऱ्यावरचा पानवाला ओरडायचा, "पोतनीस भिया, ऊपर से अपना घर दिखता है क्या?" दादा कोट झटकून म्हणायचा, "बिलकुल दिखता है." काय दिसणार कपाळ! बिजासनच्या विमानतळावरून विमान उडालं की त्याचे डोळे मिटायचे ते मुंबईला चाकं टेकल्यावर उघडायचे.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. मध्य प्रदेश होऊन तीन वर्षं झाली होती आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून आमच्याकडची मंडळी अजून फुरंगटून होती. दादाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो एका कापड मिलमध्ये कापूस पारखायचा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. असं करता करता शेवटी बोटांत सरळ तंतूंची एवढीशी पट्टी उरते. ती काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवायची आणि सांगायचं, इतका इंच लांब. मोजपट्टी लावण्याआधीच दादा सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. घरी उशी उसवली तरी तो आतला कापूस ओढून बघत बसायचा. आई म्हणायची, याच्यापुढे गादी ठेवायची सोय नाही.

महीन धोतरांसाठी मिलला लांब धाग्याचा कापूस लागायचा आणि तो यायचा आफ्रिकेतून, युगांडामधून. तिथे जाऊन माल निवडायचं काम आदल्या वर्षी दादाकडे आलं. इंदूर ते मुंबई लहान विमान, मग मोठ्या विमानाने एडन, नैरोबी आणि शेवटी एन्टेबे. चौदा-पंधरा तास नुसतं हवेत बसायचं. पहिल्या खेपेला तो खुर्चीचे हात इतके गच्च धरून बसला की उतरल्यावर दोन दिवस त्याची बोटं थरथरत होती. त्या बोटांनी त्याने माल निवडला. गाठी इंदूरला आल्या, यंत्रावर चढल्या, आणि सूत असं तुटायला लागलं की खात्यातल्या लोकांनी दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मिलचे मॅनेजर अप्पासाहेब तुकोगंजात राहायचे. त्यांच्या आजोबांनी होळकरांच्या फौजेत घोडा दौडवला होता आणि नातवाचा आवाज अजून घोड्यावरूनच येत असे. पण दादाला बोलावलं तेव्हा ते हळू बोलले, आणि दादाला तेच जास्त लागलं.

"पोतनीस, एकदा झालं, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तर मला मुंबईचा माणूस ठेवावा लागेल. मतलब समजून घ्या."

दादा घरी येऊन स्वयंपाकघरात आईसमोर बसला आणि तीस वर्षांचा घोडा रडला. मी दारात उभी होते. एरवी त्याला चिडवायची एकही संधी मी सोडत नाही, पण त्या दिवशी त्याला पाणी आणून दिलं. कापूस पारखण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायची त्याची इच्छाही नव्हती.

"आई, कापूस मला कळतो ग. पण विमानात हात माझे राहतच नाहीत."

आईचं नाव गंगूबाई. चौथीपर्यंत शिकलेली, पण अडचण आली की तिला सुचतं, आम्हाला सुचत नाही. दादाचं पहिलं तिकीट आलं त्याच दिवशी तिने खजरान्याच्या गणपतीला बोलून टाकलं होतं: पोरगं सुखरूप उतरू दे, लाख वाती लावीन. लाख फुलवाती! दर चतुर्थीला जमतील तेवढ्या तुपात भिजवून तांग्याने खजरान्याला न्यायच्या आणि लावायच्या. अट एकच, वात घरच्या हातची पाहिजे. बाजारची नको, शेजारणीची नको. आणि आईची बोटं तर संधिवाताने सुजलेली. आधी तिने मला धरून बसवलं होतं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माझ्या बोटांना खडूची सवय. तासभर खपून मी एक वात वळली आणि गुपचूप तिच्या ढिगात ठेवली. दुसऱ्या दिवशी ढीग चाळताना आईने ती उचलली.

"ही कोणाची?"

"माझी."

"असं होय," म्हणाली आणि बाजूला ठेवून दिली. तेव्हापासून मी वातींच्या वाटेला गेले नाही.

तर दादा रडत असताना आई उठली, पिंजलेल्या कापसाचं एक मोठं पुडकं आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"विमानात बसलास की वळायला लाग. हात रिकामे असले की थरथरतात."

"विमानात वाती? आई, लोग क्या बोलेंगे यार!"

"एवढ्या घरघरीत ते काय बोलतात ते तुला ऐकू कुठून येणार?"

श्रावण सरता सरता तो दुसऱ्या खेपेला निघाला, तो पुडकं घेऊनच.

पुढचं विमानातलं सगळं मी दादाच्याच तोंडून ऐकलं आहे, आणि इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मीच जाऊन आल्यासारखं सांगू शकते. इंदूरच्या लहान विमानात उडण्याआधी एक बाई ताट फिरवते. त्यात लिमलेटच्या गोळ्या असतात आणि कानात घालायला कापूस. लोक गोळी उचलतात. दादाने कापूस उचलला, ओढून पाहिला आणि त्या बाईला सांगितलं, "हा फार आखूड आहे हो. जेमतेम अर्धा इंच." ती बिचारी म्हणाली, "सर, कानात जाण्यापुरता आहे."

मग त्याने आईचं पुडकं काढलं. पहिल्या दहा वाती वाकड्यातिकड्या. मग बोटांना वाट सापडली: चिमूट घ्यायची, खाली गोळा ठेवायचा, वरच्या टोकाला पीळ द्यायचा. खिडकीबाहेर नर्मदा येऊन गेली, घाट येऊन गेले, दादाला पत्ता नाही. मुंबईला उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण डोळे मिटलेच नाहीत. मोठ्या विमानात तर त्याला चैन पडायला लागली. लोक पेपर वाचत, पत्ते खेळत, घोरत, आणि हा मधल्या रांगेत रुमाल पसरून वाती वळत बसलेला. एडनला काही बिघाड होऊन विमान नऊ तास अडकलं. सगळे प्रवासी चिडले, एक दादा सोडून. पण तिथेच पुडकं संपलं.

एन्टेबेला उतरला तेव्हा हात अगदी शांत, स्थिर. अकरा ढिगांतून त्याने एक निवडला. सव्वा इंच, केसभर कमी. बोटांनी जे सांगितलं त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. व्यापाऱ्याने त्याच कापसाचा पाव रतल, म्हणजे पाव पौंड, नमुना निळ्या कागदात बांधून लाखेची मोहोर लावून दिला. ठरलं असं की दादाने हा नमुना अप्पासाहेबांना दाखवायचा, त्यांना पटला तर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत होकाराची तार करायची. तार गेली नाही तर माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला. आणि नमुना पाहिल्याशिवाय अप्पासाहेब सही करणार नाहीत, हेही ठरलेलंच.

परतीच्या वाटेवर समुद्रावर विमान जोरजोरात उसळायला लागलं. दादाजवळ वळायला काही नव्हतं. बोटं थरथरायला लागली. त्याने त्या विमानातल्या बाईकडून कानाचा कापूस मागून घेतला, अख्खं ताट रिकामं केलं. पण आखूड धागा तो, पीळ दिला की तुटायचा. शेवटी त्याने निळं पुडकं बाहेर काढलं. नुसतं हातात धरायला, असं तो म्हणतो. मग मोहोर फुटली. मग म्हणाला वरचा एक पदर घेऊ. अरे बाबा, असा पदर कधी एक असतो का!

शेजारी जामनगरला मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक म्हाताऱ्या गुजराती बा होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि न विचारता हात पुढे केला. पलीकडच्या खुर्चीत रेल्वेतले एक सरदारजी इंजिनियर होते. धिप्पाड माणूस, पण घामाने डबडबलेला. दादाने त्यांनाही चिमूटभर कापूस दिला. "ओ भाईसाब, इससे क्या होगा?" असं त्यांनी विचारलं आणि पाच मिनिटांनी आणखी मागितला. विमान वर-खाली होत होतं आणि ते तिघं मान खाली घालून वाती वळत होते. मुंबई दिसली तेव्हा रुमालात चौदाशे वाती होत्या आणि निळा कागद रिकामा होता.

दादाला घाम फुटला, पण त्याने स्वतःची समजूत घातली. वात म्हणजे तरी काय, कापूसच. घरी जाऊन चार-पाचशे उलगडायच्या, पुन्हा कागदात बांधायच्या आणि झाला प्रकार अप्पासाहेबांना सरळ सांगायचा. गुरुवारी दुपारी बाराला तो घरी आला, जेवला, पिशवी खुंटीला अडकवली आणि पाच मिनिटं पडतो म्हणून आडवा झाला.

त्या दिवशी नेमकी संकष्टी चतुर्थी होती.

मी शाळेतून आले तेव्हा अडीच वाजले होते. आई प्रसन्न चेहऱ्याने परात पुढ्यात घेऊन बसली होती. परातीत तूप आणि तुपात वाती.

"बेबी, बघ तुझ्या दादाने किती वळल्या! कपडे धुवायला काढावे म्हणून पिशवी उघडली तर ही रास. काय सुंदर कापूस आहे ग! मऊ, आणि तुटत नाही मेला."

तेवढ्यात दादा उठला. त्याने परात पाहिली. मी माझ्या दादाला खूप चेहरे करताना पाहिलं आहे, पण तो चेहरा देव करो आणि पुन्हा दिसू नये.

"आई! तो नमुना होता! मिलचा नमुना!"

मग जे काय झालं ते बोलणं नव्हतं, नुसता कल्ला होता. दादा परातीतून एक-एक वात काढून पिळत होता. तुपातला कापूस काय ओढला जाणार? बोटांतून सटकत होता. पाचला तार, तारेआधी नमुना, नमुना तुपात. "मुंबईचा माणूस" एवढे दोनच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची बोटं जमिनीवर बसल्या बसल्या थरथरायला लागली होती. मला रडू आवरेना.

आई मात्र शांत. तिने पदराला हात पुसला आणि देव्हाऱ्याच्या मागून एक पितळी डबा काढला.

"सगळ्या कुठे भिजवल्यात? ह्या बाजूला काढल्या आहेत ना. ह्या आपल्या हातच्या नाहीत."

डब्यात दीडशे-दोनशे वाती होत्या. कोरड्या. दादाने एक उचलून चाचपली.

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? ह्या बघ, ह्या कोणा बाईच्या. सराईत आहे, पण डावरी आहे, पीळ उलटा पडलाय. आणि ह्या जाड्या कोणा पैलवानाच्या." तिने दादाकडे रोखून पाहिलं. "घरच्या हातच्या पाहिजेत म्हणून सांगितलं होतं मी तुला. कोणाकडून वळून घेतल्यास?"

दादा उठला आणि त्याने आईला मिठीच मारली. असं आमच्या घरात कोणी करत नाही, त्यामुळे आई फार गडबडली आणि म्हणाली, "सोड, हात तुपाचे आहेत."

आता डबा घेऊन पळायचं एवढंच उरलं होतं. पण आई अडून बसली. तूप तिने घातलं, तर साहेबांना तीच सांगणार. जन्मात मिलची पायरी न चढलेली माझी आई नऊवारी नीट करून तांग्यात बसली, मांडीवर पितळी डबा. तिला सांभाळायला म्हणून मी. तांगा मिलच्या फाटकात शिरला तेव्हा चारला दहा मिनिटं होती.

अप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दादाने काही लपवलं नाही: भीती, मोहोर, बा, सरदारजी, सगळं सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. अप्पासाहेबांनी डब्यातली एक वात उचलून दिव्याकडे धरली.

"मोहोर फुटली, पोतनीस. ह्या त्याच कापसाच्या कशावरून? कानात घालायचाही कापूस वळला म्हणता तुम्ही."

"तो तुटत होता साहेब. मी ओढून दाखवतो."

टेबलावर काळी मखमल आली. दादाने सरदारजींच्या पाच जाड्या वाती उलगडल्या, कापूस मोकळा केला आणि ओढायला लागला. मी त्याच्या बोटांकडेच बघत होते. ती थरथरत नव्हती. त्याने कापूस ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. तंतूंची पट्टी मखमलीवर टेकली. अप्पासाहेबांनी चष्मा चढवून मोजलं. दोनदा मोजलं.

"एन्टेबेला किती भरला होता?"

"सव्वा इंच, केसभर कमी."

"तेवढाच आहे." मग ते खुर्चीत मागे रेलले. "पण आईसाहेब, एक गोष्ट मला काही पटत नाही. वात बघून हात ओळखता म्हणता?"

"त्यात काय आहे?" आई म्हणाली. "भाकरीवरून नाही का कळत कोणी थापली?"

"बघू तर मग," असं म्हणून अप्पासाहेबांनी पाठ केली. खुर्चीमागे काहीतरी खटपट केली, डबा हलवला आणि टेबलावर ओतला. घड्याळात साडेचार वाजत आले होते. तारेचा कागद कोरा पडला होता आणि मिलचे मॅनेजर माझ्या आईशी खेळत बसले होते! माझा जीव टांगणीला लागला. आईने ढिगावरून सावकाश हात फिरवला, दोन वाती वर-खाली केल्या आणि एक उचलली. चपटी, अर्धवट पिळाची.

"ही तुमची. घाई फार करता तुम्ही."

मग अप्पासाहेब असे हसले की बाहेरचा कारकून डोकावून गेला. त्यांनी तारेच्या कागदावर सही केली आणि तो धावत तार ऑफिसला पाठवला.

"पोतनीस, तुमची बोटं कुठून आली ते आज कळलं. मुंबईचा माणूस काय करायचाय मला! पण हां, पुढच्या खेपेला मिल तुम्हाला दोन पुडकी देईल. एक मोहोरेचं, एक वातींचं. अदलाबदल केलीत तर याद राखा." आणि मग आवाज खाली आणून, आईकडे न बघता म्हणाले, "मी दिल्लीला जाताना सगळा वेळ रामरक्षा म्हणत असतो. कोणाला सांगू नका."

आम्ही कोणाला सांगितलं नाही. फक्त पानवाल्याला दादाने सांगितलं असावं, कारण आठ दिवसांत साऱ्या रामबागेला ठाऊक होतं. गाठी आल्या, यंत्रावर चढल्या आणि सूत असं निघालं की खात्यातल्या लोकांनी दादाला कचोरी खाऊ घातली.

पुढची तीन वर्षं दादा आफ्रिकेला जात राहिला आणि वाती वळत राहिला. भीती काही गेली नाही. फक्त तिला काम मिळालं. लाख वाती पुऱ्या झाल्या त्या चतुर्थीला आम्ही तिघं खजरान्याला गेलो. आईने शेवटचं ताट मांडलं. मी पाहते तर मधोमध तोच पितळी डबा रिकामा केलेला: बांच्या उलट्या पिळाच्या वाती, सरदारजींच्या जाड्या, अप्पासाहेबांची चपटी.

"आई, ह्या घरच्या हातच्या नाहीत ना?" मी म्हटलं. "तुझाच नियम."

"लाख घरच्या मोजल्यात मी. ह्या वरच्या." तिने काडी पेटवून माझ्या हातात दिली. "माझं पोर वर घाबरून बसलं होतं तेव्हा मी तिथे नव्हते. हे होते. त्यांना परकं कसं म्हणू?"

दादाने तोंड फिरवलं. मी काडी पुढे नेली आणि थांबले, कारण त्या वातींत एक ओळखीची दिसली. बुटकी, वाकडी, टोकाला पीळच नसलेली. चार वर्षांपूर्वी आईने बाजूला काढून ठेवलेली माझी वात.

"ती आधी लाव," आई म्हणाली. "वळायला तासभर लागला होता तुला."